गोड बँडचा नायक

संगीत कागदावर लिहून ठेवावे की नाही, हा वाद बडोद्याला नवा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली येथे गायनशाळा सुरू केली, ती स्वरलिपीच्या आधारावर. त्यांचे चिरंजीव अल्लाउद्दीनखां पठाण लंडनच्या रॉयल अकॅडमीत युरोपीय संगीताचे शिक्षण घेऊन परत आले. पुढे मार्च १९१६ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यासच, आणि स्वरलिपीचा प्रश्न तेथेही निघालाच. घराण्याच्या गवयाला कागदाचे वावडे. गळ्यातला सूर कागदावर आला की निर्जीव होतो, असे त्याचे म्हणणे. बँडवाल्यास मात्र ही चैन कधीच परवडणारी नव्हती. कमाटीबागेतील बँडस्टँडवर संध्याकाळी बँड वाजू लागे, तेव्हा साऱ्या वादकांनी एकाच क्षणी आपापला नेमका स्वर काढावयाचा असे. तेथे कागद वाचता येणे ही पहिली अट, आणि गळ्यातल्या हरकती ही पुढची गोष्ट.

अशी कागद वाचणारी माणसे साऱ्या हिंदुस्थानाला पुरविण्याचे काम एका लहानशा प्रदेशाने केले. तो प्रदेश म्हणजे गोवा. संस्थानिकांचे बँड, लष्करी पथके, प्रवासी आगबोटी, मूकपटांची चित्रपटगृहे, गोऱ्या साहेबांचे क्लब, जेथे जेथे पाच रेघांवरची स्वरलिपी वाचून वाजविणारा माणूस हवा असे, तेथे बहुधा गोव्याचा ख्रिस्ती वादक आढळे. याचे कारण गोव्याच्या हवेपाण्यात शोधावयाचे नाही. ते तेथील चर्चच्या शाळेत सापडते. प्रार्थनेला गाणारी मुले हवीत म्हणून पोर्तुगीज अमलात गावोगावच्या चर्चच्या आवारात संगीताचे प्राथमिक शिक्षण दिले जाई. शेतकऱ्याचा मुलगा असो की भाटकाराचा, डो-रे-मी म्हणत स्वर ओळखावयास आणि व्हायोलिनवर गज धरावयास तो तेथे शिके. पोटापाण्यासाठी मुंबईस आला की धोबीतलावाच्या आसपास आपल्या गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालविलेल्या वसतिगृहात, पथारी टाकी आणि कामाची वाट पाही. तेथे त्याची खरी ठेव म्हणजे ती लहानपणी शिकलेली लिपी.

बार्देश तालुक्यातील हळदोणे गावी १९१६ साली जन्मलेले आंतोनियो शावियेर वाझ याच परंपरेतले. मुलाने यंत्रदुरुस्तीचे काम शिकावे, चार पैसे अब्रूने मिळवावेत, अशी त्यांच्या आईची इच्छा होती. मुलाचा ओढा मात्र ट्रंपेटकडे. मध्यमवर्गीय मराठी घरात त्या काळी मुलगा तबला शिकू लागला तर आईबापांच्या कपाळावर जी आठी पडे, तीच हळदोण्याच्या त्या घरातही पडली असल्यास नवल नाही. वाझ ऐकले नाहीत. पुढे मुंबईच्या नाचघरांत आणि चित्रपटसृष्टीत ते ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध झाले. मूळ नाव फार थोड्यांना ठाऊक राहिले.

या नावांची गंमत येथेच सांगून टाकलेली बरी. त्या काळच्या बँडमधील माणसांना आपले घरचे नाव फलकावर लावणे प्रशस्त वाटत नसे, कारण पाहुण्यांना अमेरिकन वळणाचे नाव हवे असे. फ्रँक फर्नांडिस यांनी ‘फ्रँक फर्नांड’ हे नाव घेतले. ख्रिस परेरा पुढे ‘ख्रिस पेरी’ झाले. कावसजी खटाव नावाचे पारशी सॅक्सोफोनवादक ‘रूडी कॉटन’ या नावाने गाजले. आपल्याकडील नाटक मंडळ्यांतही नटांना नवी नावे मिळत. पण ती प्रेक्षकांनी लाडाने दिलेली असत. येथे नाव हा कामाच्या पोशाखाचा भाग होता. काळा कोट आणि गळ्याला ‘बो’ लावला की झाले.

वाझ तरुण झाले तो काळ पाश्चात्त्य नृत्यसंगीताच्या भरभराटीचा होता. अमेरिकेत २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजलिसच्या पालोमार नृत्यगृहात बेनी गुडमन यांच्या बँडवर तरुण श्रोते अक्षरशः तुटून पडले. तेथून ‘स्विंग’चे युग सुरू झाले असे मानण्याची प्रथा आहे. दहा-पंधरा वादकांचे मोठे बँड, त्यांत सॅक्सोफोनचा एक गट, ट्रंपेटचा दुसरा, ट्राँबोनचा तिसरा. मागे पियानो, बास आणि ड्रम. हे बँड दोन जातींचे मानले जात. ज्यांत एकेकटा वादक उठून आपल्या कल्पनेने स्वरांची आतषबाजी करी, ते ‘हॉट’. ज्यांत मूळ चाल स्पष्ट ऐकू येई, लय नाचणाऱ्याच्या पावलाला सांभाळून घेई आणि ट्रंपेटच्या तोंडाला झाकण लावून त्याचा आवाज मऊ केलेला असे, ते ‘स्वीट’, म्हणजे गोड. जाणकार टीकाकारांनी पहिल्या जातीला डोक्यावर घेतले आणि दुसरीला हिणवले. गाय लोंबार्डो हे गोड बँडचे सर्वांत यशस्वी नायक. न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट हॉटेलात १९२९ पासून त्यांचा बँड वाजत असे, आणि टीकाकार त्यांना नावे ठेवीत. परंतु ‘हॉट’ वादकांचे शिरोमणी लुई आर्मस्ट्राँग यांनाच लोंबार्डो यांचा बँड अतिशय प्रिय होता, आणि ते त्यांनी कधी लपविले नाही. चाल जशीच्या तशी, स्वच्छ आणि तोलून वाजविणे किती कठीण आहे हे आर्मस्ट्राँगना ठाऊक होते. टीकाकारांना ते वाजवून पाहावे लागत नव्हते.

हे वारे मुंबईला पोचावयास फार दिवस लागले नाहीत. १९०३ मध्ये उघडलेल्या ताजमहाल हॉटेलच्या नृत्यगृहात १९३५ च्या हिवाळ्यात लिऑन अॅबे हे आपला कृष्णवर्णीय अमेरिकन बँड घेऊन आले. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी तेथे बँड चालविले. वेदरफर्ड तर या देशातच राहिले आणि १९४५ साली कलकत्त्यास त्यांचा अंत झाला. या मंडळींच्या शेजारी बसून वाजविण्याची संधी ज्या हिंदी वादकांना मिळाली त्यांत गोमंतकीय होते. ध्वनिमुद्रिका ऐकून आणि परदेशाहून येणारे छापील कागद वाचून जे अर्धेमुर्धे समजले होते, ते आता समोरासमोर पाहावयास मिळाले. लिपी त्यांच्याजवळ होतीच. त्या लिपीत न मावणारा झोक या पाहुण्यांनी दिला. १९३९ पासून मिकी कोरिया यांनी ताजचा बँड हाती घेतला आणि जवळजवळ दोन दशके तो चालविला, यावरून स्थानिक वादकांची किती झपाट्याने तयारी झाली हे दिसून येते.

चिक चॉकलेट यांचे दैवत अर्थातच आर्मस्ट्राँग. हातातला रुमाल, घोगऱ्या आवाजातील गाणे, अर्थहीन अक्षरांची लयबद्ध फेक, हे सारे त्यांनी इतके आत्मसात केले होते की ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ हे बिरुद त्यांना कायमचे चिकटले. बिरुद गौरवाचे खरे, तथापि त्याने एक नुकसानही केले. ट्रंपेट फुंकणारा, घामाघूम होणारा नकलाकार एवढीच त्यांची मूर्ती लोकांच्या मनात राहिली, आणि बँडचा नायक म्हणून त्यांचे जे रोजचे काम होते त्याकडे दुर्लक्ष झाले.

ते काम काय होते? हॉटेलात येणारा पाहुणा मैफल ऐकावयास येत नसे. तो जेवावयास, बोलावयास आणि नाचावयास येई. एका फॉक्सट्रॉटनंतर वॉल्ट्झ हवा, मग एखादा रुंबा. वृद्ध जोडपी जागेवरून उठली की लय थोडी सावकाश करावी. तरुणांची गर्दी झाली की वाढवावी. जेवण चालू असताना ट्रंपेटला झाकण. मध्यरात्रीनंतर ते काढावयास हरकत नाही. हे सारे नायकाने एका नजरेने ओळखावयाचे आणि मान हलवून आपल्या वादकांना सांगावयाचे. आपल्या प्रतिभेचा झरा उसळला म्हणून तीन मिनिटांचे गाणे दहा मिनिटे लांबविले, तर नाचणाऱ्यांचे पाय दुखतात आणि व्यवस्थापकाचा चेहरा उतरतो. मनाने ‘हॉट’ असलेल्या वादकाला असा रात्रीचा बराचसा वेळ ‘गोड’ राहावे लागे. शास्त्रीय गायकाला संगीत नाटकात पद बेताचे ठेवावे लागे, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की तेथे ‘वन्स मोअर’ मिळे, येथे टाळ्यादेखील बेताच्याच.

दुसऱ्या महायुद्धाने या धंद्याला अकल्पित बरकत आणली. मुंबई हे सैन्याच्या चढउताराचे बंदर झाले. ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांनी हॉटेले भरून गेली. आज जीव आहे, उद्याचे कोणी सांगावे, अशा मनःस्थितीतली ती गर्दी रात्र रात्र नाचे. त्याच सुमारास, १९४५ साली, चिक चॉकलेट यांच्या अकरा वादकांच्या ‘म्यूझिक मेकर्स’ या बँडने बारा बँडांशी स्पर्धा करून ग्रीन्स हॉटेलचा करार मिळविला. ताजच्या शेजारचे हे हॉटेल ताजच्याच मालकांचे; पुढे त्याच जागी ताजचा उंच मनोरा उभा राहिला. एकोणतीस वर्षांच्या वयात आपल्या नावाचा बँड, समुद्रासमोरची जागा आणि नेमाचा पगार. हळदोण्याच्या त्या माउलीची चिंता आता दूर झाली असावी.

पण हे दिवस टिकावयाचे नव्हते. युद्ध संपले, सैनिक परतले, १९४७ साली राज्यकर्तेही गेले. त्यावर मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून सर्वत्र संपूर्ण दारूबंदी झाली. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले होते, त्यामुळे तोच कायदा येथेही लागू झाला. आणि १९६० साली गुजरात वेगळा झाल्यावरही तो येथे चालू राहिला, तो आजतागायत. दारूबंदीच्या गुणदोषांचा विचार करण्याचे हे स्थळ नव्हे. एवढे खरे की हॉटेलच्या नृत्यगृहाचा खर्च निघे तो नाचाच्या तिकिटावर नव्हे, तर पेयांच्या बिलावर. ते बिल आटले आणि अकरा माणसांचा बँड पोसणे हॉटेलवाल्यांना जड जाऊ लागले. इकडे संस्थानेच राहिली नाहीत, तेव्हा संस्थानी बँडांचीही तीच गत. हातात वाद्य, डोक्यात हजारो चाली आणि बोटांवर लिपी असलेली ही शेकडो माणसे एकाएकी रिकामी होण्याची वेळ आली.

त्यांना आधार दिला तो चित्रपटाने. येथे एका मराठी संगीतकाराचा या कथेत प्रवेश होतो. नगर जिल्ह्यातील पुणतांब्यास १९१८ साली जन्मलेले रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, हे विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. चालीचा गोडवा त्यांच्या रक्तातच होता. पण पाश्चात्त्य वाद्यांचा नखराही त्यांना मोही. ‘शहनाई’ (१९४७), ‘पतंगा’ (१९४९), ‘समाधी’ (१९५०) या चित्रपटांतील त्यांच्या काही गाण्यांनी हिंदी गाण्याला एकदम नाचते केले. या नव्या वळणात त्यांच्या हाताशी जे सहायक होते, त्यांत चिक चॉकलेट हे प्रमुख.

काम चाले ते असे. संगीतकार हार्मोनियमवर चाल गाऊन दाखवी. ती गातागाताच सहायक पाच रेघांवर उतरवून घेई. मग कोणत्या ओळीमागे व्हायोलिन चालावे, दोन कडव्यांमधल्या मोकळ्या जागेत ट्रंपेटने काय बोलावे, सॅक्सोफोनच्या गटाने कोठे गप्प राहावे, हे ठरवून तो प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद तयार करी. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी तीसचाळीस वादक ते कागद समोर ठेवून बसत, आणि दोनचार तालमींनंतर गाणे मुद्रित होई. संगीतकाराची प्रतिभा यात कमी होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या तीसचाळीस माणसांना एका श्वासात वाजविणारा पूल या सहायकाने बांधलेला असे, आणि तो पूल बांधण्याची विद्या हॉटेलच्या नृत्यगृहात मिळविलेली होती.

तेथून नेमके काय आले, हे नीट पाहिले पाहिजे. सामान्य समजूत अशी की चिक आणि त्यांच्या सोबत्यांनी हिंदी गाण्यात ‘जाझ’ आणला. हे अर्धसत्य आहे. जाझचा प्राण जी उत्स्फूर्त भर, तिला तीन मिनिटांच्या चित्रपटगीतात जागाच नव्हती. आला तो गोड बँडचा शिस्तशीर संसार: चालीच्या पुढे न धावणे, गायकाच्या शब्दावर स्वर न टाकणे, रिकाम्या जागेत नेमके चार स्वर बोलून बाजूला होणे, आणि एवढे करून ऐकणाऱ्याचा पाय जमिनीवर ताल धरील अशी लय अखंड राखणे. ज्या गुणांमुळे टीकाकारांनी या बँडांना कमी लेखले, तेच गुण चित्रपटसंगीताला हवे होते. लताबाईंच्या आवाजामागे कोणी आर्मस्ट्राँगसारखा फुंकून चालणार नव्हते.

१९५१ चा ‘अलबेला’ हा या जोडीचा कळस. भगवान आबाजी पालव या मराठी नटाने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट, आणि सी. रामचंद्रांचे संगीत. गाणी इतकी गाजली की पुढे कित्येक वर्षे वराती त्यांवाचून निघत नसत. आणि हा काळही मोठा चमत्कारिक होता. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे कैवारी असलेल्या या विद्वान महाराष्ट्रीय मंत्र्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते सिलोनकडे वळले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सिलोन केंद्रावर अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. म्हणजे पुणतांब्याच्या माणसाची चाल आणि हळदोण्याच्या माणसाचा ट्रंपेट, ही बडोद्याच्या वाड्यातील रेडिओवर यावयाची ती कोलंबोमार्गे. केसकरांचा हेतू शुद्ध होता. पण स्वरलिपी, शिस्त आणि वृंदवादन या ज्या गोष्टी सुशिक्षित वर्गाला भारतीय संगीतात हव्या होत्या, त्या नेमक्या याच ‘थिल्लर’ गाण्यांच्या मागे राबत होत्या, हे लक्षात घ्यावयास हवे होते.

राबत होत्या, आणि बहुधा निनावी. चित्रपटाच्या आरंभीच्या पाट्यांवर संगीतकाराचे नाव मोठ्या अक्षरांत; सहायकाचे आले तर बारीक; वादकांचे नाहीच. वादकाला मुद्रणाचे पैसे रोखीने मिळत आणि व्यवहार तेथेच संपे. पुढे ध्वनिमुद्रिका किती खपल्या याच्याशी त्याचा संबंध उरत नसे. चिक चॉकलेट यांना या बाबतीत थोडे अधिक मिळाले. १९५१ च्याच ‘नादान’ या देव आनंद आणि मधुबाला यांच्या चित्रपटाचे संगीतकार म्हणून त्यांचे नाव झळकले. पण संगीतकार म्हणून त्यांचा जम बसला नाही. चाल सुचणे आणि चाल सजविणे या दोन वेगळ्या देणग्या आहेत, हे कबूल केले पाहिजे.

इतरांच्या वाट्याला तेही आले नाही. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालविणारे सेबॅस्टियन डिसोझा फाळणीमुळे मुंबईस आले आणि शंकर-जयकिशन यांच्या वैभवशाली वाद्यमेळाचे शिल्पकार ठरले; रसिकांना त्यांची ओळख पटावयास अर्धशतक लागले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे नाव १९७७ नंतर पोराबाळांच्या तोंडी झाले, तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूचे ऋण एका विनोदी गाण्यात फेडले म्हणून. गाणे म्हणणाऱ्या हजारांना असा कोणी माणूस खरोखर आहे, हे ठाऊकदेखील नव्हते.

नृत्यगृहाचा जमाना सरत गेला तरी चिक यांनी ट्रंपेट खाली ठेवला नाही. १९६६ साली चेतन आनंद यांचा ‘आखरी खत’ आला. राजेश खन्ना यांचा हा पहिला चित्रपट, संगीत खय्याम यांचे. त्यात नाइटक्लबचा एक प्रसंग आहे. भूपिंदर नावाचा तेव्हाचा नवखा गायक गात आहे, आणि ट्रंपेट वाजविताना दिसतात ते स्वतः चिक चॉकलेट. गाणे सावकाश, रात्रीचे, मऊ. नाचणाऱ्यांना सांभाळून घेणारे. पुढच्याच वर्षी, मे १९६७ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ते वारले.

‘अलबेला’ आजही अधूनमधून दाखविला जातो. त्यातील एका नृत्यगीतात नायक-नायिकेच्या बरोबरीने एक बँड पडद्यावर येतो. झालरीचे सदरे घातलेले हे वादक चित्रपटासाठी भाड्याने आणलेले नट नव्हेत. तो चिक चॉकलेट यांचा स्वतःचा बँड आहे, आणि ट्रंपेट घेतलेले ते गृहस्थ म्हणजे हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ.